कंसातलं वाक्य: डंबलडोर प्रकरण

हॅरी पॉटर मालिकेच्या सातव्या पुस्तकात, अठराव्या प्रकरणात, एक पत्र छापलेलं आहे. लिहिणारा अ‍ॅल्बस डंबलडोर, पुढे हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचा हेडमास्तर होणारा, तेव्हा वय अठराच्या आसपास. ज्याला लिहिलंय तो गेलर्ट ग्रिंडेलवाल्ड, वयानं थोडा लहान, परदेशातल्या जादूच्या शाळेतून हाकलला गेलेला, उन्हाळ्यापुरता नातेवाईक म्हातारीकडे राहायला आलेला. पत्राचा विषय राजकारण. जादूगारांनी इतर माणसांवर राज्य करायचं ते त्या माणसांच्याच भल्यासाठी, आणि बळ वापरायचं ते गरजेपुरतंच. मग तो कंस उघडतो आणि म्हणतो की तुझ्या शाळेत तू नेमकी हीच चूक केलीस, पण माझी तक्रार नाही, कारण तुला काढलं नसतं तर आपली भेटच झाली नसती. कंस बंद. सही.

मालिकेतलं डंबलडोरच्या प्रेमाबद्दलचं सगळ्यात उघड वाक्य हेच. आणि ते कंसात आहे.

दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचून समासात पेन्सिलीनं टिपणं करणं हे माझं काम. पात्र समलिंगी आहे हे लेखकाला माहीत असतं, पानावर मात्र ते नसतं, आणि मग प्रश्न येतो: उघड लिहू का? नुसत्या 'हो' किंवा 'नाही'नं भागत नाही, म्हणून मी दर वेळी या एका प्रकरणाकडे येतो. जगातल्या सगळ्यात जास्त वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी ही पुस्तकं, पंधरा वर्षांचा घटनाक्रम, आणि लेखिकेनं, स्टुडिओनं, वाचकांनी घेतलेली जवळपास प्रत्येक भूमिका त्यात सापडते. लेखिका जे. के. रोलिंग पुढे वेगळ्याच वादांत सापडल्या. त्याचा इथे संबंध नाही.

सभागृहातला प्रश्न

सातवं आणि शेवटचं पुस्तक 21 जुलै 2007 रोजी आलं. तीन महिन्यांनी, 19 ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये रोलिंग यांचा वाचकांशी गप्पांचा कार्यक्रम होता. एका तरुण वाचकानं विचारलं की प्रेमाच्या ताकदीवर इतका विश्वास ठेवणारा डंबलडोर स्वतः कधी कुणाच्या प्रेमात पडला होता का? रोलिंग यांनी सांगितलं की डंबलडोर गे आहे असंच मी कायम धरून चालले. तो ग्रिंडेलवाल्डच्या प्रेमात पडला होता, आणि तीच त्याच्या आयुष्यातली शोकांतिका. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तुम्हाला एवढा आनंद होणार हे माहीत असतं तर मी हे कधीच सांगितलं असतं, असं त्या म्हणाल्या.

त्याच उत्तरात त्यांनी एक किस्सा सांगितला. माझ्या मते तो घोषणेपेक्षा महत्त्वाचा, पण बातम्यांमध्ये चवीपुरता आला. सहाव्या चित्रपटाची पटकथा त्यांच्याकडे वाचायला आली होती. तिच्यात डंबलडोर तरुणपणीच्या एका मुलीची आणि तिच्या केसांची आठवण काढतो असा संवाद होता. रोलिंग यांनी समासात 'अहो, डंबलडोर गे आहे' अशा अर्थाचं लिहून पानं पटकथाकाराकडे सरकवली. संवाद गेला.

आता पटकथाकाराचं काय चुकलं होतं? काहीच नाही. एकाकी म्हाताऱ्याला थोडं माणसात आणायचं तर जुनं प्रेम आठवायला लावायचं, ही कसबी लेखकाची सवय. पुस्तकात रिकामी जागा होती, ती त्यानं भरली, आणि हात आपोआप मुलीकडे गेला. मौन तटस्थ असतं असं मानणाऱ्या लेखकांना मी हा किस्सा ऐकवतो. आपण काही न लिहिता सोडतो तेव्हा वाचकाच्या मनात ती जागा मोकळी राहत नाही, तिथे नेहमीचंच येऊन बसतं. इथे तर भरणारा माणूस ही पुस्तकं वर्षानुवर्षं पटकथेत उतरवत होता. त्याला दिसलं नाही ते कुणाला दिसणार होतं?

दोनतीन दिवसांनी टोरंटोत पत्रकारांनी पुन्हा छेडलं, तेव्हा रोलिंग यांचं म्हणणं साधारण असं होतं: लहान मुलाला यात मैत्री दिसेल, संवेदनशील प्रौढाला आकर्षण उमगेल. पात्र माझं आहे, त्याच्याबद्दल मला जे माहीत आहे ते बोलण्याचा अधिकार मला आहे.

प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे फुटल्या. ब्रिटनमधल्या स्टोनवॉल या समलिंगी हक्कांच्या संघटनेनं स्वागत केलं. कार्यकर्ते पीटर टॅचेल यांनी आनंदाबरोबर निराशाही बोलून दाखवली: हे पुस्तकातच उघड असतं तर त्याचं वजन कितीतरी जास्त असतं. न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका समीक्षकानं तर लेखिकेचाच स्वतःच्या पात्राबद्दल गैरसमज झाला असू शकतो अशी शक्यता मांडली. वाचायला हे उद्धट वाटतं, पण मुद्दा पोरकट नाही. पुस्तक छापून झालं की लेखकही त्याचा एक वाचकच. त्याला आतली माहिती जास्त असते, एवढंच.

दोन गुपितं, एकच पुस्तक

'सूचकता' हा शब्द इथे फार लवकर पुढे केला जातो. सूचक लिहिणं चांगलं, सांगण्यापेक्षा सुचवणं श्रेष्ठ, हे आपण सगळेच शिकलो. म्हणून आधी पुस्तक काय सुचवतं ते जवळून बघू.

पत्राच्या आधी त्या नातेवाईक म्हातारीची, बाथिल्डाची, साक्ष येते. दोन हुशार पोरं, भेटल्या भेटल्या गट्टी जमली. दिवसभर बोलून पोट भरायचं नाही. रात्री कधीकधी गेलर्टच्या खिडकीवर घुबडाची चोच टकटकायची, अ‍ॅल्बसची चिठ्ठी घेऊन. मला हे फार आवडतं. अख्खा दिवस एकत्र काढून घरी गेलेला मुलगा मध्यरात्री उठून लिहायला बसतो, सकाळपर्यंत थांबवत नाही. प्रेमाबद्दल एक शब्द न लिहिता प्रेम दाखवायचं तर असंच.

पण लगेच पुढे ते पत्रच छापलेलं आहे, आणि त्यात निघतो जाहीरनामा. हॅरी ते वाचून हादरतो तो सत्तेच्या गोष्टींनी, कंसातल्या वाक्यानं नव्हे. पुढे हॅरीची मैत्रीण हर्मायनी तेच पत्र पुन्हा उघडते ते सहीसाठी: नावातल्या पहिल्या अक्षराच्या जागी त्यानं एक चिन्ह काढलेलं असतं, आणि त्या चिन्हावर उरलेलं कथानक चालतं. म्हणजे पुस्तक या पत्राकडे दोनदा आपली मान वळवतं, आणि दोन्ही वेळा कंसाकडून दुसरीकडे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. पत्र आपल्यापर्यंत येतं ते रिटा स्कीटरच्या चरित्रातून. ही बाई वार्ताहर नव्हे, गिधाड आहे. डंबलडोर मरून चार आठवडे होत नाहीत तोवर नऊशे पानांचं चरित्र तयार. हॅरी आणि डंबलडोर यांच्या नात्यालासुद्धा ती गढूळ रंग देते. आणि मध्यरात्रीच्या चिठ्ठ्यांची साक्ष हाती असताना, निदान आपल्यासमोर येणाऱ्या पानांत, ती एवढीशी कुजबूजही करत नाही? पात्राच्या स्वभावाला हे धरून नाही. लेखिका गप्प आहे म्हणून रिटाही गप्प आहे.

आता त्याच पुस्तकातलं दुसरं गुपित घ्या. हॉगवर्ट्समधला शिक्षक स्नेप, त्याचं हॅरीच्या आईवरचं, लिलीवरचं प्रेम. तेही सहा पुस्तकं झाकलेलं, तेही मेलेल्या किंवा मरणाऱ्या माणसाचं, तेही एकतर्फी. ते उघड होतं तेहेतिसाव्या प्रकरणात, स्नेपच्या आठवणींतून. तिथे लहानपणीचं झुडपाआडून बघणं आहे, भांडण आहे, फाडलेलं पत्र आहे, आणि शेवटी कांडीतून निघणारी चंदेरी हरिणी आहे, जी बघून डंबलडोरचे डोळे भरून येतात. हरिणी नुसतं प्रतीक नाही. तिच्याच मागे जाऊन हॅरीला आधी तलवार सापडलेली असते. प्रेमाला कथानकात काम दिलेलं आहे. स्नेपचं प्रेम काढा, सात पुस्तकांचा डोलारा कोसळतो.

डंबलडोरचं काढा. काय होतं? तो ग्रिंडेलवाल्डकडे का ओढला गेला? महत्त्वाकांक्षेनं, आणि घरी अडकून पडल्याच्या चिडीनं. पुढे ग्रिंडेलवाल्ड जुलमी झाला तरी त्याच्याशी लढायला डंबलडोरनं का टाळाटाळ केली? पुस्तक स्वच्छ उत्तर देतं: बहीण आरियाना डंबलडोर, त्याचा भाऊ आणि ग्रिंडेलवाल्ड या तिघांच्या झटापटीत गेली, आणि कुणाच्या शापानं गेली हे ऐकायची भीती. सगळं जुळतं. प्रेमाची गरजच लागत नाही.

म्हणून सूचकतेचा बचाव मला पटत नाही. एरवी पुस्तक अबोल असतं तर पटला असता. पण या मालिकेत कोण कुणावर झुरतो याचा हिशेब ठेवायला वही लागेल. हॅरी-जिनी, रॉन-हर्मायनी, रॉन-लॅव्हेंडर, ल्युपिन-टाँक्स, बिल-फ्लर; हॅग्रिडलासुद्धा मादाम मॅक्सिमसाठी केस विंचरायला लावलेत. सगळ्यांची प्रेमं मोठ्यानं आणि एकाचं कंसात, तर त्याला संयम म्हणता येत नाही.

दृष्टिकोनाचा मुद्दा मात्र खरा आहे. सगळं हॅरीच्या नजरेतून दिसतं आणि सतरा वर्षांच्या मुलाला हेडमास्तरांचं खासगी आयुष्य कुठून कळणार? पण मग स्नेपचं कसं कळलं? आठवणींचं भांडं ठेवून लेखिकेनं वाट काढलीच ना. शिवाय पस्तिसाव्या प्रकरणात मेलेला डंबलडोर हॅरीसमोर बसून सगळं बोलतो. आईबापांबद्दल, बहिणीबद्दल, स्वतःच्या हावेबद्दल, लाजेबद्दल, रडत रडत. इतकं बोलणारा माणूस याच एका बाबतीत गप्प का?

कलम 28

इथे लेखिकेच्या बाजूनं बोललं पाहिजे, कारण 2007 कडे आजच्या खुर्चीत बसून बघणं सोपं आहे.

ब्रिटनमध्ये 1988 च्या स्थानिक शासन कायद्यात कलम 28 घातलं गेलं. स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा 'प्रसार' करायचा नाही, आणि त्यांच्या शाळांनी समलिंगी संबंध हे 'कुटुंब' म्हणून मान्य होण्याजोगे आहेत असं शिकवायचं नाही. ठिणगी पडली होती त्यात एका लहान मुलांच्या पुस्तकाचाही हात होता: मूळ डॅनिश, दोन पुरुषांबरोबर राहणाऱ्या छोट्या मुलीचं, 1983 मध्ये इंग्रजीत आलेलं. कलम प्रकाशकांना लागू नव्हतं, आणि त्याखाली कुणाला शिक्षाही झाली नाही. पण शिक्षक आणि ग्रंथपाल गप्प बसायला धाक पुरला. स्कॉटलंडमध्ये ते 2000 साली रद्द झालं, इंग्लंड-वेल्समध्ये नोव्हेंबर 2003 मध्ये.

आता पुस्तकांच्या तारखा शेजारी मांडा. पहिलं पुस्तक 1997 चं. पाचवं जून 2003 चं. म्हणजे सातातली पाच पुस्तकं इंग्लंडमध्ये कलम 28 जिवंत असताना आली. आणि पात्र कोण? निवासी शाळेचा हेडमास्तर. ब्रिटनच्या त्या वर्षांतल्या नेमक्या भीतीच्या मधोमध उभा असलेला माणूस. अमेरिकेत ही पुस्तकं आधीच जादूटोण्याच्या नावाखाली ग्रंथालयांतून काढायच्या मागण्या झेलत होती. 2000 ते 2009 या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांच्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत ही मालिका पहिली आहे.

पण सातवं पुस्तक 2007 चं. कलम जाऊन साडेतीन वर्षं झालेली, लेखिकेला नाही म्हणू शकेल असा प्रकाशक पृथ्वीवर शिल्लक नव्हता, आणि या माणसाचं तारुण्य उघडणारं पुस्तकही तेच. कायद्याचा बचाव पहिल्या पाच पुस्तकांना लागू पडतो. ज्याला हवा त्याला नाही.

एक दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. तेव्हाच काही समीक्षकांनी म्हटलं होतं: सात पुस्तकांत एक गे पात्र, त्याचं एकच प्रेम, ते हुकूमशहावर, त्यातून बहिणीचा मृत्यू, आणि मग शंभरेक वर्षं ब्रह्मचर्य. हे उघड लिहून काय साधलं असतं? 'असल्या प्रेमाचं हेच होतं' हा जुनाच धडा ठळक अक्षरांत छापला गेला असता. आक्षेपात दम आहे. पण तो उघडपणावर नाही, संख्येवर आहे. एकच पात्र असलं की त्याच्यावर सगळ्यांचं प्रतिनिधित्व लादलं जातं आणि त्याला चुकायची मुभा राहत नाही. स्नेपचंही प्रेम विषारी आहे, पण सरळ प्रेमाबद्दल कुणी त्यावरून निष्कर्ष काढत नाही, कारण शेजारी मॉली आणि आर्थर वीझली संसार करत बसलेले आहेत. डंबलडोरच्या शेजारी कुणी नाही. हॉगवर्ट्समध्ये हात धरून फिरणारी दोन मुलं मागच्या बाकावर कुठेतरी असती, नावापुरती, तर त्या म्हाताऱ्याला आपली शोकांतिका मोकळेपणानं भोगता आली असती.

जाता जाता भाषेबद्दल. इंग्रजीत 'मित्र' आणि 'मैत्रीण' यांना एकच शब्द, क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे लपवणं स्वस्त. मराठीत 'आला' की 'आली' लिहावंच लागतं. तरी आपल्याकडेही एक कपाट आहे: 'व्यक्ती'. 'माझ्या आयुष्यात एक व्यक्ती होती, ती गेली.' शब्दच स्त्रीलिंगी, त्यामुळे मागे कुणीही उभं राहू शकतं. हस्तलिखितात एका पानावर तीनदा 'ती व्यक्ती' आली की मी ओळखतो, इथे लेखक श्वास रोखून चालतोय.

सहा सेकंद

पुढचा अंक पडद्यावरचा. डंबलडोर आणि ग्रिंडेलवाल्ड मध्यमवयीन असतानाच्या काळावर 'फँटॅस्टिक बीस्ट्स' ही नवी चित्रपटमालिका आली. आता हे नातं टाळता येणार नव्हतं, असं सगळ्यांना वाटलं. दुसरा भाग 2018 च्या नोव्हेंबरात यायचा होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला दिग्दर्शक डेव्हिड येट्स यांनी सांगून टाकलं की डंबलडोरचं गे असणं त्यात उघडपणे येणार नाही. वाचक चिडले. चित्रपटात डंबलडोर म्हणतो की आम्ही भावांपेक्षाही जवळचे होतो, आणि मनातली इच्छा दाखवणाऱ्या आरशात त्याला ग्रिंडेलवाल्ड दिसतो. पण तो लढत का नाही याचं कारण म्हणून पटकथेनं काय आणलं? रक्ताची शपथ. दोघांनी हात कापून घेतलेली, लॉकेटसारख्या कुपीत बंद केलेली, एकमेकांवर हल्ला करू न देणारी जादू. प्रियकरावर हात उचलवत नाही या दुखण्याच्या जागी यंत्र बसवलं. पुस्तकात हे काम आरियानाच्या मृत्यूकडे होतं, इथे कुपीकडे. प्रेम पुन्हा बेकार.

2019 मध्ये त्या चित्रपटाच्या डिस्कवरच्या जोड-चित्रफितीत रोलिंग म्हणाल्या की दोघांचं नातं उत्कट होतं, ते प्रेमाचं नातं होतं. समाजमाध्यमांवर त्याची भरपूर टिंगल झाली. बारा वर्षं झाली तरी सगळं पुस्तकाबाहेर, पडद्याबाहेरच सांगितलं जातंय, असा त्या टिंगलीचा सूर होता.

तिसरा भाग एप्रिल 2022 मध्ये आला आणि त्यात अखेर शब्द उच्चारले गेले. सुरुवातीलाच दोघं समोरासमोर बसलेले, आणि डंबलडोर म्हणतो की मी तुझ्याबरोबर होतो कारण मी तुझ्या प्रेमात होतो. ग्रिंडेलवाल्डचं उत्तर मला त्या कबुलीपेक्षा मोलाचं वाटतं: हो, पण ते कारण नव्हतं, जग बदलायची भाषा तूच केली होतीस. दोन ओळींत प्रेम आणि महत्त्वाकांक्षा एकमेकांत गुंतून समोर येतात, जे सातव्या पुस्तकाला साधलं नव्हतं. पुढे एकदा डंबलडोर ते दोघं प्रेमात पडले त्या उन्हाळ्याचा उल्लेख करतो.

चीनमध्ये हे दोन उल्लेख कापले गेले. 142 मिनिटांच्या चित्रपटातून सहा सेकंद. वॉर्नर ब्रदर्सनं हे मान्य केलं आणि खुलाशात म्हटलं की चित्रपटाचा आत्मा शाबूत आहे.

स्टुडिओवर तेव्हा जी टीका झाली ती भित्रेपणाची झाली. माझं लक्ष त्यांच्या वाक्याकडे गेलं, कारण कारागिरीच्या दृष्टीनं ते खरं असण्याची शक्यता आहे. सहा सेकंद गेले आणि गोष्टीत कुठे भगदाड पडलं नाही. कुपी होती ना.

उलट उदाहरण याच काळातलं. 2005 मध्ये अमेरिकेत 'अँड टँगो मेक्स थ्री' हे चित्रपुस्तक आलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात रॉय आणि सायलो या दोन नर पेंग्विनांनी एक अंडं उबवून पिल्लू वाढवलं, त्याची खरी हकीकत. त्यात 'गे' हा शब्द लागत नाही. दोन बाप आहेत, बस. 2006, 2007 आणि 2008 अशी लागोपाठ तीन वर्षं अमेरिकेत सर्वाधिक आक्षेप याच पुस्तकावर घेतले गेले. आणि कापायचं म्हटलं तर? एक पेंग्विन काढला तर पुस्तकच उरत नाही.

म्हणून 2014 मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ते पुस्तकच बालविभागातून काढलं, लगद्याला पाठवायची तयारी केली, आणि ओरड झाल्यावर प्रौढांच्या विभागात हलवलं. इथे माझ्या आवडत्या युक्तिवादाला टाचणी लागते. कथेच्या हाडात घातलेली गोष्ट कापता येत नाही हे खरं, पण मग अख्खं पुस्तक कपाटाबाहेर जातं. चिनी प्रेक्षकानं सहा सेकंद कमी का होईना, चित्रपट पाहिला. सिंगापूरच्या पाच वर्षांच्या मुलाला पेंग्विन दिसला असता तो मोठ्या माणसांच्या फळीवर. कुठला लेखक कुठली किंमत मोजेल हे मी सांगू शकत नाही. हस्तलिखितावर टिपण करताना एवढंच बघतो की लेखकानं किंमत मोजलीय की फक्त टाळलीय.

काही पुस्तकांत न सांगणं हाच विषय असतो, हेही नोंदवतो. स्वतःशीच खोटं बोलणारा निवेदक, ज्याला आपल्याला काय होतंय ते कळत नाही किंवा कळू द्यायचं नाही. तिथे लेखकानं ठसठशीत शब्द घातला तर गोष्ट मरते. पण तिथेही वाचकाला कळतं, निवेदकाला कळत नाही. सगळा ताण त्या फरकातच असतो. डंबलडोर असा माणूस नाही. त्याला सगळं माहीत आहे. माहीत नसलेला आपणच.

समासात

सातव्या पुस्तकाच्या बाजूनं एक जागा मात्र मी कायम दाखवतो. तेच पस्तिसावं प्रकरण, हॅरी आणि मेलेला डंबलडोर. ग्रिंडेलवाल्ड म्हातारा होऊन स्वतःच बांधलेल्या तुरुंगात मेला. मरताना त्यानं मालिकेतल्या खलनायकाला, व्होल्डेमॉर्टला, खोटं सांगितलं की ती प्रसिद्ध कांडी माझ्याकडे कधीच नव्हती. डंबलडोर म्हणतो, कदाचित त्यानं तेवढं प्रायश्चित्त घेतलं, कांडी व्होल्डेमॉर्टच्या हाती पडू नये म्हणून. आणि हॅरी सहज बोलून जातो: किंवा तुमची कबर फोडली जाऊ नये म्हणून. डंबलडोर डोळे टिपतो.

हॅरीला आपण काय बोललो याचा पत्ता नाही. शंभर वर्षांनंतर, मेल्यानंतर, एक मुलगा अजाणता सांगून जातो की त्यानं तुझी आठवण ठेवली होती. यापेक्षा सुंदर वाक्य अख्ख्या मालिकेत नाही असं माझं मत आहे, आणि ते मौनातच सुंदर आहे. पण पहिल्यांदा हे पान वाचलं तेव्हा मी सरळ पुढे गेलो होतो. म्हातारा हळवा झालाय, एवढंच वाटलं. न्यूयॉर्कच्या सभागृहातली बातमी वाचून परत आलो तेव्हा ते डोळे टिपणं दिसलं.

म्हणजे या पानाला हात लावायची गरज नाही. ते जसं आहे तसंच असू दे, फक्त वाचकानं तिथे पोचण्याआधी त्याला काहीतरी माहीत असायला हवं. आणि ती जागा त्याच संभाषणात, थोडी आधी, तयार आहे. डंबलडोर त्या उन्हाळ्याबद्दल सांगतो की त्याच्या कल्पनांनी मला कसं झपाटलं, कसं पेटवलं, तुला कळायचं नाही, हॅरी. 2007 च्या आधी हे हस्तलिखित माझ्या टेबलावर आलं असतं तर 'गे' हा शब्द घाला असं मी लिहिलं नसतं. त्या ओळीतल्या 'कल्पनांनी'खाली रेघ मारली असती आणि समासात विचारलं असतं: कल्पनांनीच?